साठाव्या खुर्चीचा खर्च

काटेकाकांनी एकतीस वर्षं वजनकाट्यावर काढली आणि त्या एकतीस वर्षांत एक वाक्य दिवसातून शंभरदा म्हटलं, "आधी खाली उतर." खडीचा ट्रक काट्यावर चढला की चालकाने उतरायचं, क्लीनरने उतरायचं, केबिनमध्ये कुत्रं असलं तर त्यानेही उतरायचं. मगच काका काचेतून काट्याकडे बघणार. कुणी कुरकुर केलीच तर चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता सांगत, "वर बसून राहिलास तर तुझं वजन खडीत धरलं जाईल. एकदा पावती फाटली की तू खडी. मग बायको येऊन रडली तरी माझ्या हातात काही नाही." चालक हसत हसत उतरत, पण उतरत.

असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला की घराचं काय होतं ते घरच्यांनाच विचारावं. काकांनी लग्न केलं नव्हतं. थोरल्या भावाच्या घरात मागची खोली त्यांची. तिथे बसून त्यांनी वर्षभर साखरेचे डबे मोजले, गॅसची टाकी किती दिवस पुरते ते भिंतीवर लिहिलं आणि वहिनीच्या नाकी नऊ आणले. म्हणून नगरपालिकेच्या निवडणुकीला उभी राहिल्यावर वहिनीने पहिलं काम केलं ते हे, की खर्चाची वही दिराच्या हातात दिली.

"भावजी, आता पोटभर मोजा," ती म्हणाली. "आणि माझे डबे सोडा."

वहिनी शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत तीन मशिनं, मदतीला दोन बायका, शाळांच्या गणवेशांचे ढीग. राजकारणाशी तिचा संबंध पुढाऱ्यांच्या शर्टांना बटणं लावण्यापुरता. पण वॉर्डातला दवाखाना बंद पाडून ठेकेदाराने तिथे सिमेंटचं गोदाम केलं. गेल्या वर्षी तिच्या नवऱ्याच्या छातीत कळ आली. लांबच्या इस्पितळात नेताना गाडी नेमकी त्या गोदामासमोर, माल उतरवणाऱ्या ट्रकमागे वीस मिनिटं अडकली, आणि तिथेच तो गेला. ती वीस मिनिटं वहिनी विसरली नाही. तिला तो दवाखाना परत हवा होता. त्यासाठी नगरपालिकेत जाऊन बसावं लागतं, एवढं तिला कळलं होतं. समोरचा उमेदवार कोण, तर ठेकेदारच.

खर्चाचे नियम काकांना असे मानवले की जणू त्यांच्यासाठीच कुणी बसून लिहिले असावेत. मतदारामागे वीस रुपये, याहून जास्त खर्च करायचा नाही. वॉर्डात मतदार चार हजार शंभर, म्हणजे मर्यादा ब्याऐंशी हजार. एक पैसा वर गेला तर निवडून आलेल्याचीही जागा जाते. देणगी घ्यायची ती नाव, पत्ता आणि सही घेऊन. निनावी देणगी आली तर दहा दिवसांत परत. फुकट मिळालेली वस्तूही देणगीच. तिचं बाजारभावाने भाडं लावायचं. शेजारीण प्रचाराच्या बायकांसाठी चहाची किटली घेऊन आली तेव्हा काकांनी तिच्यापुढे पावतीपुस्तक सरकवलं.

"चहा पाजायला आलेय की जमीन लिहून द्यायला?" शेजारीण म्हणाली.

"अकरा कप. पत्ता नीट लिहा."

ठेकेदाराकडे असं काही नव्हतं. त्याची चाळीस गाड्यांची मिरवणूक त्याच्या वहीत 'सायकलभाडे' या सदरात मावली होती. पण त्याच्यावर बोट कोण ठेवणार? निवडणूक कचेरीची स्वतःची एक वही असते. कचेरीचा फोटोवाला स्कूटरवरून गावभर फिरतो, जे दिसेल त्याचा फोटो काढतो, आणि ते त्या वहीत चढतं. उमेदवाराची वही तिच्याशी जुळली पाहिजे. ठेकेदाराची मिरवणूक निघाली की फोटोवाल्याची स्कूटर बंद पडायची. आमच्या काकांची वही मात्र दोन्ही वेळच्या तपासणीत अशी जुळली की तपासनीस बाईंना खोट काढायला जागा उरली नाही. खर्च एक्याऐंशी हजार चारशे. शिल्लक सहाशे. प्रचाराचे दिवस उरले आठ.

तेव्हा ती नोटीस आली.

तपासनीस बाई बोलायला कोरड्या, पण माणूस सरळ. त्यांनी कचेरीची वही फिरवून काकांपुढे धरली.

"मंगळवार, दुपारी चार. जुन्या खाणीत सभा. खुर्च्या साठ, कर्णा एक. तुमच्या वहीत नाही."

"कारण झालीच नाही. मंगळवारी चारला वहिनी मशिनवर होत्या. मी समोर बसून बिलं लावत होतो."

"उमेदवार नाहीत फोटोत. बोलतोय तो दुसराच कुणी आहे. ओळखता?"

फोटो खाणीच्या काठावरून, उंचावरून घेतला होता. खाली खुर्च्यांच्या सहा रांगा, प्रत्येकीत दहा. माणसं पाठमोरी. शेवटच्या रांगेत टोकाची एक खुर्ची तेवढी रिकामी. समोर कर्ण्यापाशी हात वर करून एक माणूस बोलत होता. काकांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला.

"हा माझा थोरला भाऊ."

"मग सभा तुमचीच."

"तो गेल्या वर्षी वारला, बाई."

बाईंनी पेन उचललं. "मृत्यूचा दाखला जोडा. पण खर्च त्याने सुटत नाही. उमेदवाराच्या बाजूने कुणीही खर्च केला तरी तो उमेदवाराच्या माथी. नियमात 'कुणीही' आहे. जिवंत असा शब्द नाही."

काकांनी नियम काढून पाहिला. खरंच नव्हता.

साठ खुर्च्यांचे आठप्रमाणे चारशेऐंशी आणि कर्ण्याचे सातशे. मर्यादेच्या पाचशेऐंशी वर. बाई म्हणाल्या, "फुकट दिल्या असतील तरी भाडं लागेल, आणि देणाऱ्याची सही लागेल. नाहीतर निनावी धरून परत करा."

"कुणाला परत करू?"

"ज्याने दिल्या त्याला. पुढच्या शुक्रवारी शेवटची तपासणी आहे."

काका फोटोची प्रत घेऊन घरी आले ते मनाशी पक्कं करूनच, की हा ठेकेदाराचा डाव. आपल्या नावाने खोटी सभा भरवायची, आपला खर्च फुगवायचा, जिंकलो तरी पाडायचं. भावासारखा दिसणारा कुणी नाटकातला माणूस गाठला असेल. भाऊ खुर्च्या भाड्याने देण्याचाच धंदा करायचा. लोखंडी घडीच्या साठ खुर्च्या, पाठीवर पांढऱ्या रंगात आकडे. तो गेल्यावर वहिनीने त्या भंगारात घालून तिसरं मशिन घेतलं होतं. तशाच खुर्च्या कुठूनही आणता येतील.

वहिनीने फोटो मशिनच्या दिव्याखाली धरला आणि कॉलरवर नख टेकवलं.

"ही कॉलर मी उलटवलेली आहे," ती मग म्हणाली. "झिजली म्हणून उसवून उलटी लावली. आतल्या बाजूचं कापड जरा गडद होतं, बघा. हा शर्ट जाताना ह्यांच्या अंगावर होता."

"नाटकवाल्यांनी शिवला असेल तसा."

"भावजी, माझा टाका मला कळतो." फोटो तिने टेबलावर पालथा ठेवला. "पुढच्या मंगळवारी पुन्हा भरली तर? मी येते तुमच्याबरोबर."

"तुम्ही आलात तर सभा तुमचीच होईल. दवाखाना हवाय ना?"

वहिनीने मशिनच्या पायटीवर पाय ठेवला, पण मशिन चालवलं नाही. "मग तुम्ही जा," ती म्हणाली. "आणि नीट बघून या."

जुनी खाण गावापासून कोसभर. काकांच्या काट्यावर एकतीस वर्षं आलेली खडी सगळी तिथलीच. दगड संपल्यावर ती बंद पडली. मंगळवारी चारला दहा मिनिटं कमी असताना काका पावतीपुस्तक खिशात घालून उतारावरून खाली गेले. ऊन लख्ख होतं. वारा नव्हता. खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि माणसं बसलेली होती.

काका मागे उभे राहून मोजू लागले. सवयच तशी. सहा रांगा, दहा-दहा. पाठीवरचे आकडे एकापासून क्रमाने, साताची शेपटी लांब ओढलेली, भावाच्या हातची. मोजता मोजता त्यांना वेगळंच काही खटकलं. तसल्या खुर्च्या बसणाऱ्याने मान वळवली तरी किरकिरतात. इथे एकोणसाठ माणसं बसून एक खुर्ची वाजत नव्हती. आणि खालच्या भुकटीत एकाही खुर्चीचा पाय रुतला नव्हता. ज्याने जन्मभर वजनं केली त्याला हे पहिल्यांदा दिसणार. दुसऱ्या कुणाला कदाचित चेहरे आधी दिसले असते. चेहरे काकांना मग, बाजूला सरकल्यावर दिसले. चव्वेचाळीस नंबरवर पोस्टमन होता, जो काकांच्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी विहिरीत पडून गेला. त्याच्या शेजारी पिठाची गिरणीवाली. तीन रांगा पुढे काकांचे गणिताचे मास्तर, आणि मास्तरांची मान अजून तशीच वाकडी.

भाऊ बोलत होता. कर्ण्यातून नुसती घरघर येत होती, एखादं यंत्र दूर कुठे चालू राहिल्यासारखी. मधेच तिच्यातून दोन शब्द वर यायचे. "वीस मिनिटं." परत घरघर. परत, "वीस मिनिटं." श्रोते माना हलवायचे, सगळे एकदम.

काकांना पळावंसं वाटलं असेल का? वाटलं असेल. पण उतार उतरून गुडघे दुखत होते आणि समोर साठ नंबरची खुर्ची रिकामी होती. ते बसले. खुर्ची किरकिरली आणि तिचे पाय बोटभर भुकटीत रुतले. घरघरीखेरीज साऱ्या खाणीत तेवढाच आवाज झाला. शेजारची माणसं किंचित सरकून बसली, आगगाडीत नव्या उतारूला जागा देतात तशी. वर काठावर स्कूटर थांबली. फोटोवाल्याने फोटो काढला आणि तो निघून गेला. काकांनी हातही केला त्याला.

घरघर थांबली. कुणी उठलं नाही. काका पावतीपुस्तक घेऊन पुढे गेले. भाऊ होता तसाच होता, फक्त कपाळावर घाम नव्हता, आणि त्याला तर हिवाळ्यातही घाम यायचा.

"दादा, खुर्च्यांची सही लागेल," काका म्हणाले.

भावाने नाव लिहिलं, पत्ता लिहिला, सही केली. मग मान वर करून विचारलं, "तू कशाला बसलास रे?"

"गुडघे दुखत होते."

"कुठल्या खुर्चीवर?"

"साठावर. रिकामी होती."

"ती रिकामीच ठेवायची होती," भाऊ म्हणाला आणि काकांच्या खांद्यावरून मागे, काठाकडे, मघाशी स्कूटर थांबली होती तिकडे बघत राहिला.

काकांनी मागे वळून पाहिलं. काठावर कुणी नव्हतं. परत वळले तर खाणीतही कुणी नव्हतं. खुर्च्या नव्हत्या, कर्णा नव्हता. भुकटीत चार भोकं होती, बोटभर खोल.

वहिनीने पावतीवरच्या सहीवरून अंगठा फिरवला. "काही म्हणाले?"

"तुमचंच भाषण करत होता," काका म्हणाले. खुर्चीचं त्यांनी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही त्यात आहे असं त्यांना तेव्हा वाटलंच नाही.

शुक्रवारी तपासनीस बाईंनी सही पाहिली, मतदारयादी पाहिली आणि पावती परत केली. "देणगीदार यादीत हवा. हे नाव मीच वगळलंय."

आता वहिनीची जागा पाचशेऐंशीपायी जायची. आणि या मंगळवारची दुसरी सभा चढली तर आणखी. काकांनी खिशातून कागद काढला. रात्री झोप नसल्याने त्यांनी नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत तीनदा वाचला होता.

"बाई, खुर्च्या धरल्या तर खुर्च्यांवरची माणसंही धरा. ती मतदार असतील तर माणशी वीस, माझी मर्यादा बाराशेने वाढते."

"यादी बंद झाली. वाढणार नाही."

"म्हणजे ती मतदार नाहीत."

"नाहीत."

"मग हा प्रचार कसा? तुमच्याच नियमात आहे, मतदारांपुढे केलेला तो प्रचार. मतदार नसलेल्यांपुढे कुणी काहीही बोलू दे. भिंतीशी बोलल्याचा खर्च लावता का?"

बाईंनी दोन्ही फोटो भिंग घेऊन पाहिले. "तिसऱ्या रांगेत माझ्या सासूबाई आहेत," त्या म्हणाल्या. "इतकं लक्ष देऊन त्यांनी माझं कधी ऐकलं नाही." भिंग त्यांनी खणात ठेवलं. "ठीक आहे. लिहून द्या. दोन्ही सभा, साठ खुर्च्या, खुर्च्यांवरील व्यक्तींत एकही मतदार नाही. समक्ष मोजून खात्री केली असं लिहा. खाली सही. ही सगळी नावं मी कायमची बाद करते."

काकांनी सुंदर अक्षरात लिहिलं. समक्ष मोजून खात्री केली. एकतीस वर्षं याच वाक्याखाली सही केली होती, हात आपोआप चालला. दुसरा फोटो टेबलावर त्यांच्यासमोर होता आणि त्यात एकही खुर्ची रिकामी नव्हती.

मतदानाच्या दिवशी वहिनीच्या मागून ते रांगेत उभे राहिले. टेबलावरच्या अधिकाऱ्याने वहिनीच्या बोटाला शाई लावली आणि काकांना ओलांडून मागच्या बाईला "या" म्हटलं.

"मी आहे मधे," काका म्हणाले.

अधिकाऱ्याने डोळे बारीक केले, धुक्यात बघावं तसे. यादीत काकांच्या नावावर तांबडी रेघ होती. "वगळलंय, काका. आधार म्हणून अर्ज जोडलाय." त्याने कागद उचलून दाखवला. अक्षर सुंदर होतं.

काका तसेच तपासनीस बाईंकडे गेले. तीनदा हाक मारावी लागली तेव्हा बाईंनी वर पाहिलं.

"दुरुस्ती होते," त्या म्हणाल्या. "सोपं आहे. तुमचं लिहून दिलेलं चूक होतं असं लिहून द्या. साठ खुर्च्यांवर एक मतदार बसला होता."

"आणि मग?"

"मग तो प्रचार. दोन्ही सभा धरल्या जातील." बाईंचा आवाज कोरडाच होता, पण पेन त्यांनी काकांच्या हातात दिलं नाही, टेबलावर मधोमध ठेवलं. "ठरवा. मोजणी संध्याकाळी आहे."

काकांनी पेनाला हात लावला नाही. मग त्यांनी विचारलं, "नाव नसलं तर नेमकं काय होतं?"

"ते नियमात दिलेलं नाही."

संध्याकाळी वहिनी दोनशे अकरा मतांनी निवडून आली. पुढच्या खोलीत एवढी गर्दी झाली की काकांच्या पायावर चार जण उभे राहिले आणि एकानेही पाय काढून घेतला नाही, कारण पायाखाली काही आहे असं कुणाला वाटलंच नाही. काकांनाही दुखलं नाही. आठवड्याभरात न्हावी त्यांचा नंबर सोडून पुढच्याला बसवू लागला. वहिनी मात्र दोन कप चहा ओतायची. त्यांच्या खोलीच्या दाराकडे तोंड करून म्हणायची, "भावजी, निवतोय." काका म्हणायचे, "आलो." ती पुन्हा म्हणायची, "भावजी, निवतोय."

एका सोमवारी ते काट्यावर गेले. नवा कारकून मोबाइल बघत बसला होता. काट्यावर ट्रक नव्हता. काका मधोमध जाऊन उभे राहिले आणि काचेतून काट्याकडे पाहिलं. काटा हलला नाही. त्यांनी उडी मारून पाहिली. मग, इतक्या वर्षांत जे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं ते स्वतःलाच सांगितलं, आणि काट्यावरून खाली उतरले. आता उतरून काय उपयोग, पावती केव्हाच फाटली होती.

खर्चाचा अंतिम हिशेब निकालानंतर तिसाव्या दिवशी द्यायचा असतो. तो मंगळवार होता. वही वहिनीने स्वतः लिहून नेली. काका तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. तपासनीस बाईंनी त्याच खुर्चीवर फायलींचा गठ्ठा ठेवला, आणि तो जरा सावकाश ठेवला, इतकंच. पानं उलटत त्या शेवटच्या ओळीशी थांबल्या. फुकट मिळालेल्या वस्तू व सेवा, असं ते सदर होतं. चहा, अकरा कप, शेजारीण. त्याखाली वहिनीच्या हातचं, दीर, एक.

"किंमत लिहिली नाही," बाई म्हणाल्या.

"बाजारभाव मिळाला नाही कुठे," वहिनी म्हणाली.

काका अस्वस्थ झाले. मोकळी जागा सोडायची नाही, रेघ मारायची, हे त्यांनी तिला दहादा सांगितलं होतं. "रेघ मारा, वहिनी," ते म्हणाले. बाईंनी पट्टी पुढे केली. वहिनीने ती बाजूला सारली.

"राहू दे ती जागा मोकळी," ती म्हणाली.

बाईंनी शिक्का उचलला आणि त्या मोकळ्या जागेला न लागेल असा बेताने मारला. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते. काका गठ्ठ्याखालून उठले. गुडघे अजिबात दुखत नव्हते, आणि खाण कोसभर लांब होती.